आमची वाटचाल : कॅमेऱ्यासमोरचा प्राणी आणि त्यामागची तयारी

आमची संस्था सुरू झाली ती पाळीव कुत्र्यांना शिस्त लावण्याच्या वर्गांनी. चित्रीकरणाची कामं येऊ लागली तेव्हा एक गोष्ट लगेच समोर आली: ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ एवढं उत्तम येणारा कुत्राही सेटवर पुरत नाही. घरचा कुत्रा बसतो तो मालकाच्या पायाशी, मालकाकडे बघत. कॅमेऱ्यासमोर त्याला मालकापासून 20-25 फुटांवर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूला तोंड करून बसायचं असतं. भोवती दिवे, कॅमेऱ्याची ट्रॉली आणि अनोळखी माणसं. ‘बस’ त्याला आधीच येत असतं. आम्ही शिकवतो ते अंतर, दिशा आणि गोंगाट. तेव्हापासून एक नियम ठरला आणि तो आजवर मोडलेला नाही: शूटिंगच्या दिवशी प्राण्याला नवीन काहीही शिकवायचं नाही.

त्यामुळे आमचं खरं काम पटकथेच्या पानावर सुरू होतं. ‘कुत्रा उदास होऊन दाराकडे बघत पडून राहतो’ हे लेखकाचं एक वाक्य. आमच्या तक्त्यात त्याचे पाच तुकडे होतात: मार्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवर, जाणं, आडवं होणं, हनुवटी पुढच्या पंजांवर टेकणं, दाराकडे नजर आणि 10 सेकंद तसंच राहणं. हनुवटी खाली असताना दाराआड उभा असलेला दुसरा प्रशिक्षक हलकासा आवाज करतो. कुत्रा डोकं न उचलता फक्त डोळे वर करतो आणि पडद्यावर तो उदास दिसतो. यातलं हनुवटी टेकणं सगळ्यात वेळखाऊ, कारण कुत्र्याला ते आपणहून सुचत नाही. दुमडलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकली की क्लिकर (दाबल्यावर ‘टक’ आवाज करणारी छोटी डबी) आणि खाऊ, असं सुरू करायचं. मग टेकून ठेवण्याचा वेळ एकेका सेकंदाने वाढवायचा आणि शेवटी टॉवेल काढून घ्यायचा.

मार्क हा सगळ्याचा पाया. सुरुवातीला सुमारे 60 सेंटिमीटर लांबी-रुंदीची, जमिनीपासून थोडी उंच लाकडी फळी घेतो. चारही पाय फळीवर आले की क्लिक, लगेच खाऊ. प्राणी स्वतःहून फळीकडे धावू लागला की फळी लहान करत जायचं. मग जाड पुठ्ठा, मग रबराचा तुकडा, शेवटी पानाएवढी चकती किंवा एखादा दगड, म्हणजे फ्रेममध्ये आला तरी खटकत नाही. कुत्र्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत, निळा आणि पिवळा येतात. हिरवळीवर लाल चिकटपट्टी लावली की ती माणसाला लांबून दिसते, कुत्र्याला नाही. खाऊचा तुकडा वाटाण्याएवढाच हवा. मोठा दिला की चावण्यात वेळ जातो, पोट भरतं आणि चौथ्या टेकला, म्हणजे तोच शॉट चौथ्यांदा घेताना, प्राण्याला काम नकोसं होतं. दिवसभरात दिलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करायचा. प्राण्याला उपाशी ठेवून काम करून घेणं आम्हाला मान्य नाही. शिवाय भुकेला प्राणी अधीर होतो आणि मार्क सोडतो.

संवादाच्या वेळीच ध्वनिमुद्रण होत असेल तर प्रशिक्षकाला बोलता येत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट हातवाऱ्यांवरही पक्की करावी लागते, भुंकणंसुद्धा. प्रशिक्षक कुठे उभा राहील हे कॅमेरामनबरोबर ठरतं, कारण प्राणी त्याच्याकडेच बघणार. तो लेन्सपासून एक फूट सरकला तरी नजर चुकते. शॉटच्या सुरुवातीला वाजणाऱ्या क्लॅपच्या पाटीच्या आवाजाची सवय आम्ही आधी करून घेतो, तरीही दचकणारा प्राणी असेल तर क्लॅप सुरुवातीऐवजी शॉट संपल्यावर, पाटी उलटी धरून, वाजवायला सांगतो. प्रकाशयोजना आणि फोकस लागेपर्यंत मार्कवर त्याच उंचीचं, त्याच रंगाचं भुसा भरलेलं खेळणं ठेवतो. खरा प्राणी सगळं तयार झाल्यावरच आत येतो. हे एवढं पाळलं तर टेकची संख्या निम्म्यावर येते असा आमचा अनुभव आहे.

कलाकाराशी ओळख हा भाग निर्माते सर्रास वगळायला बघतात, आणि आम्ही त्यावर अडून बसतो. चेहरा चाटण्याचा शॉट गालावर मांसाची पेस्ट लावून साधता येतो. पण दिग्दर्शकाला हवं असतं ते कलाकार खोलीत आल्यावर कुत्र्याचं उठून उभं राहणं, आणि ते पेस्टने होत नाही. त्यासाठी कलाकाराने आधी काही बैठकांत स्वतःच्या हाताने खाऊ द्यायला हवा, फिरवून आणायला हवं. हल्ल्याचा प्रसंगही ओळखीवरच उभा असतो. कुत्र्याच्या लेखी ती बाहीत लपवलेल्या आवडत्या दोरीची ओढाताण असते, गुरगुर नंतर ध्वनीत घातली जाते. शेपूट मात्र आनंदाने हलत राहते, म्हणून फ्रेम खांद्यापर्यंतच ठेवायला सांगतो.

मांजराचं गणित वेगळं. एका मांजराकडून सगळं करून घेण्याऐवजी सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन मांजरांत काम वाटून देतो: एक कडेवर शांत राहणारं, एक धावणारं, एक उडी मारणारं. धावण्यासाठी बझर वापरतो. जेवणाच्या वेळी बझर वाजतो आणि ताटली समोर येते, असं पुष्कळ दिवस केल्यावर मांजर बझरच्या दिशेने सरळ येतं. एक प्रशिक्षक सोडतो, दुसरा बोलावतो. अंगावरचे ठिपके जुळत नसतील तर खाण्याच्या रंगाने जुळवतो. माणसांचा केसांचा रंग कधीच नाही, मांजर तो चाटून पोटात घेतं. मांजराचा पिंजरा दार उघडं ठेवून सेटवरच असतो, घाबरलं तर पळायला ओळखीची जागा हवी.

घोड्याच्या कामाला या व्यवसायाचा इतिहास चिकटलेला आहे. 1939 साली हॉलिवूडच्या एका चित्रपटासाठी घोडा कड्यावरून पाण्यात उतरवला गेला आणि तो मेला. त्यानंतर 1940 मध्ये प्राणीकल्याणाचं काम करणाऱ्या अमेरिकन ह्यूमेन संस्थेने हॉलिवूडमध्ये देखरेखीचं कार्यालय उघडलं. ब्रिटनने त्याआधीच, 1937 मध्ये, प्राण्याला क्रूरपणे वागवून केलेली दृश्यं दाखवण्यावर कायद्याने बंदी घातली होती. भारतात 2001 च्या नियमांनुसार प्राण्याची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि चित्रीकरणाआधी प्राण्याचं वय, प्रकृती, कामाचं स्वरूप आणि पशुवैद्याचा दाखला मंडळाला कळवावा लागतो. घोड्याच्या पायात तार अडकवून पाडणं आता कुठलाही जबाबदार निर्माता मागत नाही. पडण्याचं काम त्यासाठीच शिकवलेल्या घोड्याकडून, उकरून मऊ मातीने भरलेल्या जागेवरच करतो. ती जागा कॅमेऱ्यात साध्या जमिनीसारखी दिसते, पण प्रशिक्षकाला तिच्या कडा अचूक माहीत असाव्या लागतात. घोड्याला थेट नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून ट्रॉली मागून आणायची असेल तर ती आधी त्याला बाजूने दाखवतो.

धोके बहुधा साध्या वस्तूंतून येतात. जेवणाच्या प्रसंगात टेबलावरचे मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात, म्हणून कलाविभागाकडून वस्तूंची यादी आदल्या दिवशी घेतो. स्वयंपाकघराच्या दृश्यात पोपट असेल तर नॉनस्टिक भांडं तापवू देत नाही. ते जास्त तापलं की त्यातून सुटणारी वाफ पक्ष्याला मारू शकते. उन्हातल्या फरशीवर तळहाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवत नसेल तर तिथे शॉट होणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, 41 च्या पुढे उष्माघात धरून पाणी, पंखा आणि पशुवैद्य एकाच वेळी. आवडता खाऊ नाकारणं, वारंवार जांभया, ओठ चाटणं, मान वळवणं यांतलं काही दिसलं की सेटवर कोणीही मोठा असो, प्राणी बाहेर जातो. करारात तसं लिहिलेलं असतं.

काही कामं घेतच नाही. दैनंदिन मालिकेसाठी पिल्लू मागतात तेव्हा लहान चणीचा मोठा कुत्रा सुचवतो. पिल्लू दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना कळेल इतकं वाढतं आणि कंटिन्युटी, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात दिसणारा सारखेपणा, तुटते, शिवाय लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला गर्दीत नेणं धोक्याचं. वन्य प्राणी, खरी आग आणि गुंगीचं औषध लागेल असा प्रसंग संगणकावर किंवा यांत्रिक बाहुलीवर करावा, असं स्पष्ट सांगतो. संगणकावरचा प्राणी खऱ्या दृश्यात नीट मिसळावा म्हणून आमचा कुत्रा त्या जागी नुसता उभा राहून प्रकाश आणि अंगावरची लव कशी दिसते याचा नमुना देतो.

आता चौकशी आली की तारखेआधी दृश्याची पानं, चित्रीकरणाच्या जागेचे फोटो आणि कलाकाराला प्राण्यांची भीती किंवा ॲलर्जी आहे का, हे मागतो. साध्या बसण्या-चालण्याला काही दिवस पुरतात, हनुवटी टेकण्यासारख्या नव्या कामाला काही आठवडे, घोड्याच्या पडण्याला फार जास्त. तयारीचे दिवस आम्ही शूटिंगच्या दिवसांपासून वेगळे लावतो आणि चित्रीकरण पुढे गेलं तरी ते धरले जातात, कारण शिकवलेलं ताजं ठेवायला रोजचा सराव चालूच ठेवावा लागतो.