'लेव्हायथन फॉल्स' उघडण्याआधी

टीव्ही मालिका बघून थेट 'द एक्सपान्स' या विज्ञानकादंबऱ्यांचा नववा खंड, म्हणजे 'लेव्हायथन फॉल्स', उचलणाऱ्या नागपूरकर मंडळींनो, जरा थांबा. मालिकेचे सहा सीझन सहाव्या कादंबरीपाशी आटोपतात. सातवी, 'पर्सेपोलिस रायझिंग', सुमारे 30 वर्षांनी सुरू होते. लॅकोनिया ग्रहावरचं साम्राज्य कसं पसरलं, त्याचा सत्ताधीश डुआर्टेचं काय झालं, टेरेसा कोण, हे सातव्या-आठव्यात येतं. ते गाळलं तर 2021च्या या शेवटच्या भागात कोण कोणाच्या मागे लागलंय तेच उमगत नाही.

सगळ्यात जास्त वाचक अडकतात ते 'ड्रीमर'च्या छोट्या प्रकरणांत. कारा नावाची मुलगी आद्रो ग्रहमालेतल्या ग्रहाएवढ्या हिऱ्यात उतरते, तिथे निवेदन परग्रही जाणिवेचं होतं. कंटाळवाणी वाटली तरी ती ओलांडू नका, ताऱ्यांना जोडणारी द्वारं बांधणाऱ्या परग्रहींचा इतिहास तिथेच आहे. काराची मूळ कथा 'स्ट्रेंज डॉग्ज' या लघुकादंबरीत. ती आठव्याच्या आधी वाचावी.

मे महिन्यात दुपारी बाहेर निघायचं नसतंच, तेव्हा सातवी ते नववी तिन्ही सलग होतात. फक्त 2022च्या 'मेमरीज लिजन' संग्रहातली शेवटची कथा नवव्यानंतरच उघडा; ती शेवटानंतरचीच आहे.