आधी एक लाटणं करा

खिशातलं लाकडी पेन दिसलं की समोरचा आधी विचारतो, "हे तुम्ही केलंय?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मलाही करायचंय हो. लेथ मशीन कोणतं घेऊ?" गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या जावयानं विचारलं. जिन्यात उभ्या उभ्या काहीतरी थातुरमातुर सांगितलं, ते मनाला लागून राहिलं. म्हणून आता नीट सांगतो.

मशीनचं उत्तर दोन ओळींत संपतं. लेथ म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचं मशीन, आणि टेबलावर मावणारं छोटं लेथ पेनाला पुरतं. वेग कमीजास्त करता यावा आणि दोन्ही बाजूंना एमटी-२ टेपर, म्हणजे जोडभाग बसवायचं ठरावीक मापाचं निमुळतं भोक असावं. मग मँड्रेल (पेनाचे तुकडे ओवून फिरवायचा दांडा) आणि ड्रिल चक (ड्रिल धरणारा जबडा) शोधत फिरावं लागत नाही. भोसरीत कुणीतरी लोखंडकामाचं जुनं लेथ स्वस्तात देतोय म्हणून उडी मारू नका. त्यावरही पेन होतं, पण ते तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? आणि मशीनला जातील जवळजवळ तेवढेच पैसे पटाश्या, चक, ग्राइंडर आणि पॉलिश पेपरलाही जातात, हे घरात आधीच सांगून ठेवा.

लाकडाला तर पैसे नकोतच. भवानी पेठेत वखारवाल्याकडे शिसवीचे तुकडे मागा, नाहीतर घरातला मोडका पाट शोधा. जुनं लाकूड वाळलेलं असतं. ओल्या फांदीचं पेन चार महिन्यांत तडकतं. जुन्या लाकडात खिळा नाही ना, तेवढं मात्र बघा.

खरी परीक्षा भोकाची. पेनाच्या तयार सुट्या भागांचा संच म्हणजे किट. त्यातल्या साध्या, स्लिमलाइन नावाच्या किटमध्ये ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या येतात आणि लाकूड त्यांच्यावर चढवायचं असतं. साधारण १९ मिलिमीटर जाडीचा, साडेबारा सेंटिमीटर लांबीचा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि मधून आडवा कापायचा. कापण्याआधी त्यावर पेन्सिलनं एक उभी रेघ मारून ठेवा, नाहीतर वरच्या भागाच्या रेषा खालच्या भागाशी जुळत नाहीत आणि पेन दोन घरांतून आल्यासारखं दिसतं. भोक पाडताना वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. दर सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा. भुसा आत अडकला की ड्रिल तापतं, वाट सोडतं आणि लाकूड आतून तडकतं. ते तेव्हा दिसत नाही. शेवटी पॉलिश करताना दिसतं.

मग नळी चिकटवायची. इथे मी आपटलो. आजोबांच्या पलंगाच्या एका खुरातून सहा तुकडे निघाले होते. पहिल्यात नळी सरकवली, अर्ध्यात आली आणि इन्स्टंट ग्लूनं तिला जागच्या जागी धरलं. ना आत, ना बाहेर. मी हातोडीनं ठोकली, तर नळी चेपली. पाच तुकडे उरले. तेव्हापासून मी दोन ट्यूब मिसळायचा एपॉक्सी वापरतो, नळी आधी पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करतो आणि गोल फिरवत आत घालतो. एक रात्र थांबावं लागतं. थांबायचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं ट्रिमरनं, म्हणजे टोक सपाट कापणाऱ्या पात्यानं, नळीशी काटकोनात सपाट करायची, नाहीतर जोडताना फट राहते.

आता कातण्याचं. आपल्याकडे हे काम कातारी करत. भोवरे, पाळण्याचे खूर, लाटणी सगळी त्यांच्या हातची. म्हणून माझा सल्ला असा, की किट उघडू नका. आधी एखाद्या स्वस्त लाकडाचं लाटणं करा. धारेमागचा उतार लाकडावर टेकवायचा आणि पटाशीची मूठ हळूच वर उचलायची. धार भिडली की बटाट्याच्या सालीसारखी लांब साल निघते, आवाजही बदलतो, सुस्स होतो. भुकटी उडायला लागली की धार गेली. जोर लावू नका, ग्राइंडरकडे जा. आमच्याकडे माझी चार लाटणी आहेत, चारही मध्ये बारीक. बायको म्हणते, पोळी कडेनं पातळ होते.

पेन मात्र मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर फिरतं. मँड्रेलचा नट बोटानंच आवळा. पान्यानं आवळलात तर दांडा किंचित वाकतो आणि पेन एका बाजूला जाड होतं. तुकड्यांच्या टोकांना मापासाठी लावलेली धातूची कडी म्हणजे बुशिंग; लाकूड त्याच्या जाडीला आलं की थांबा. चष्मा, मास्क हवाच, शिसवीची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते. लांब बाह्या, हातमोजे, गळ्यातली साखळी मशीनजवळ नको.

एक राहिलं. स्लिमलाइनला क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. पार्करची रिफिल बसणारं, सिगार नावाचं जाड पेनाचं किट घेतलंत तर तो त्रास वाचतो, पण त्याला १० मिलिमीटरचं ड्रिल लागतं.

काकूंच्या जावयाला रविवारी सकाळी बोलावलंय. दुपारी नको म्हटलं, खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपतात. येताना लाकूड आणायला सांगितलंय, लाटण्यापुरतं.