आमची वाटचाल : जुन्या लष्करी गाड्यांचे टायर

सुरुवातीला आम्ही एकाच मापाचा माल ठेवायचो, 6.00-16, म्हणजे साधारण सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचा टायर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपचं हे माप. गिऱ्हाईक नक्षी बघून टायर घ्यायचं. दोन्ही दिशांना सारखी चालणारी, जाड ठोकळ्यांची एनडीटी नक्षी असली की झालं. आता आम्ही आधी विचारतो, गाडी वर्षाला किती चालते? या गाड्या बहुतेक वेळ उभ्या असतात, आणि उभ्या गाडीचा टायर झिजून नाही, सुकून बाद होतो. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना लवतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी हललीच नाही तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, केसासारख्या चिरा पडतात. नक्षी कोरी आणि साइडवॉल गेलेली, असा टायर टिकाऊ कसा म्हणायचा?

म्हणून माल घेताना साइडवॉलवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे आकडे वाचतो, त्यातून टायर कधी बनला ते कळतं. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाआधीचा. तो नुसत्या प्रदर्शनातल्या गाडीला ठीक. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी आम्ही देत नाही.

पुढे डॉजचं 9.00-16 आणि जीएमसी ट्रकचं 7.50-20 ठेवू लागलो, तेव्हापासून टेप हाताशीच असते. जीएमसीला मागे जोडचाकं. जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, म्हणजे घेरात साधारण पाऊण इंच. फरक जास्त असला की मोठा टायर भार ओढतो आणि तापतो, लहान घासला जातो. दोघांत सारखी हवा भरून, गाडीला लावायच्या आधीच घेर मोजावा. जीपचंही तेच. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, डिफरन्शियल नाही, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय नाही. पुढचा-मागचा घेर वेगळा असेल आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं, तर शाफ्टांवर ताण साठत जातो आणि लीव्हर निघता निघत नाही. त्यामुळे उरलेल्या टायरांचा घेर कळल्याशिवाय आम्ही सुटा टायर देत नाही.

गाडी लांब पल्ल्याला, ओल्या रस्त्यावर जाणार असेल तर एनडीटीचा हट्ट धरू नये, असंच आम्ही सांगतो. त्या ठोकळ्यांवर बारीक खाचा नसतात, ब्रेक मारला की गाडी सरकते. त्याच मापाचा रेडियल (आतले धागे सरळ आडवे असलेला टायर) घ्यावा, पण पूर्ण सेट. एका अॅक्सलवर बायस (तिरप्या धाग्यांचे, जुन्या पद्धतीचे) आणि रेडियल एकत्र कधीच नकोत. रेडियलमध्ये ट्यूबही रेडियलसाठी चालणारीच हवी, कारण त्याचा साइडवॉल जास्त लवतो आणि साधी ट्यूब घासून फाटते. लॉक-रिंगच्या रिमला, म्हणजे टायर सुट्या लोखंडी कड्याने अडकवलेल्या रिमला, फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) त्याच मापाचा घ्या. तो अरुंद पडला तर ट्यूब कडेला चिमटली जाते.

टायर बसवण्याआधी रिम बघा. कॉम्बॅट रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली असते. ते नट, चाक गाडीला धरणाऱ्या हबच्या नटांपेक्षा वेगळे. आत हवा असताना ते सैल केले तर रिमचा भाग उडून माणूस मरू शकतो. आधी व्हॉल्व्हचा पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, व्हॉल्व्हमधून तार घालून भोक मोकळं असल्याची खात्री करा, मगच पाना लावा. लॉक-रिंगच्या चाकात हवा भरायची ती लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यातच. रिंग गंजून पातळ झाली असेल तर आम्ही त्या रिमवर टायर चढवत नाही.