निळी फाइल आणि सात आठवडे

सात आठवड्यांच्या प्रवासाला निघताना माझ्या हातात एक निळी फाइल होती आणि नवऱ्याचे दोन्ही हात मोकळे होते. सिंगापूर, कंबोडिया, उत्तर थायलंडमार्गे लाओस, मग व्हिएतनाम आणि शेवटी जपान असा मार्ग मी चार महिने खपून आखला होता. वेळापत्रकाला चिकटून राहणारी मी आणि वाटेत कुठेही रमणारा तो, ही आमची जुनीच विभागणी आहे. त्यामुळे विमानातच आमचे ठरले, की प्रत्येक देश सोडताना तो कोणाचा होता, त्याचा निकाल लावायचा.

सिंगापूर निर्विवाद माझे ठरले. मेट्रोत खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड असल्याची पाटी दिसताच नवऱ्याने तोंडाशी नेलेली पाण्याची बाटली मुकाट्याने पिशवीत टाकली. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवले की जागा अडवली, हा हॉकर सेंटरमधला, म्हणजे स्वस्त खाद्यगाळ्यांच्या सामायिक आवारातला, अलिखित नियम मात्र त्यालाच आधी उमगला. मी रिकामे टेबल समजून खुशाल बसले होते.

कंबोडियात माझ्या फाइलने निदान सुरुवात तरी बरी केली. अंगकोर या प्राचीन मंदिरसमूहाचा ६२ अमेरिकी डॉलरचा तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणून मी मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले होते. पण अंगकोर वाटच्या पूर्वेकडील भिंतीवर समुद्रमंथनाचे सुमारे ४९ मीटर लांबीचे शिल्पपट्ट आहे, त्याच्यासाठी मी जेमतेम वीस मिनिटे राखली होती. नवरा वासुकीच्या एका टोकापासून असुर मोजत निघाला, मध्यावर विष्णूपाशी थांबला, देव मोजताना आकडा चुकला म्हणून परत मागे आला. मी चिडले आणि मग त्याच्याबरोबर मोजू लागले. ९२ असुर, ८८ देव. त्या दुपारी पाहायची ठरलेली दोन मंदिरे राहून गेली. बाजारात डॉलर दिले की उरलेले सुटे पैसे रिएलमध्ये मिळतात, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर या हिशेबाने. ते गणित मी तोंडी करत असे, पण किंचित फाटलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नाही, ही गोष्ट माझ्या फाइलमध्ये नव्हती. देश बरोबरीत सुटला.

लाओसमध्ये तर माझी फाइल उघडलीच गेली नाही. हुआय सायहून लुआंग प्रबांगला मेकाँग नदीतून जाणारी संथ नाव दोन दिवस घेते आणि मधली रात्र पाक बेंग नावाच्या लहानशा गावात काढावी लागते. आमच्या लांबट लाकडी नावेत जुन्या मोटारींतून काढलेली आसने नुसती फळ्यांवर मांडलेली होती. नाव वळली की आमच्या आसनांची जोडीही किंचित वळत असे. निघायची वेळ मी विचारली, तेव्हा नावाड्याने किनाऱ्यावर रचलेल्या तांदळाच्या पोत्यांकडे बोट दाखवले. पोती चढली, एक मोटारसायकल चढली, टोपलीतल्या कोंबड्या चढल्या आणि मगच इंजिन सुरू झाले. त्यानंतर तासन्‌तास तपकिरी पाणी, दोन्ही बाजूंना जंगल आणि मधूनच एखादा वाळूचा काठ, जिथे धक्का किंवा पाटी नसतानाही नाव लागायची आणि कोणीतरी पोते खांद्यावर घेऊन उतरायचे. फोनला रेंज नव्हती. पहिला तासभर मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. नवरा शेजारच्या आजीबाईंनी पुढे केलेल्या बांबूच्या डबीतला चिकट भात बोटांनी गोळा करून खात होता आणि दोघांना एकमेकांचा शब्दही कळत नसताना त्यांचे उत्तम चालले होते. दुसऱ्या दिवशी घड्याळ मी पिशवीत टाकले. लाओस त्याचे, हे मी आपणहून कबूल केले.

हनोईत मात्र माझी पुरती फजिती झाली. दुचाक्यांचा लोंढा थांबेल म्हणून मी पदपथाच्या कडेला कितीतरी वेळ उभी होते. नवऱ्याने मनगट धरले आणि म्हणाला, "अगं, थांबू नकोस, पळू नकोस, आणि मागे तर मुळीच येऊ नकोस." एकसारख्या चालीने गेले की स्कूटरवाले अंदाज बांधून बाजूने वळतात, हे खरे, पण ते पटायला पाय आधी टाकावा लागतो. पलीकडे पोहोचल्याच्या आनंदात मी उसाचा रस घेतला आणि वीस हजार डाँगच्या जागी पाच लाखांची नोट दिली, कारण दोन्ही निळ्याच. रसवाल्या बाईंनी नोट माझ्या डोळ्यांसमोर धरून शून्ये मोजून दाखवली, ती परत केली आणि माझ्याच पाकिटातली बरोबर नोट बोटाने दाखवली. हुए ते दा नांग ही समुद्राला बिलगून जाणारी रेल्वे आम्हां दोघांनाही आवडली, पण तोवर व्हिएतनामचा निकाल लागलेला होता.

जपानमध्ये मी सारी थकबाकी वसूल करणार होते. तिथे कचरापेट्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे नवऱ्याचे खिसे संध्याकाळपर्यंत वेष्टनांनी फुगायचे. क्योतो स्थानकावर हिरोशिमाच्या शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीसाठी मी फलाटावरच्या खुणेपाशी बरोबर उभी होते, तेवढ्यात तो "आलोच" म्हणून जेवणाचे डबे आणायला गेला. गाडी आली, मी चढले, दार लागले. काचेपलीकडे दोन डबे घेतलेला तो दिसला.

त्याचा निरोप आला: पुढच्या गाडीत विनाआरक्षित डब्यात बसलो आहे, चुकलेल्या गाडीचे तिकीट तिथे चालते, काळजी करू नकोस. हा नियम माझ्या फाइलमध्ये होता. त्याने तो फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारून घेतला होता. पुढचे सुमारे पावणेदोन तास मी वक्तशीर गाडीत, स्वच्छ खिडकीशी, रिकाम्या आसनाशेजारी बसून काढले. हिरोशिमाच्या फलाटावर तो उतरला तेव्हा एक डबा उघडलेला होता.

"तुझा ठेवला आहे," तो म्हणाला, "फक्त लोणचे चाखले."