तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट निगेटिव्ह, मग परत रक्त कशाला?

कुत्रा घेऊन माझ्या लॅबमध्ये येणारे बरेच जण हे विचारतात, आणि विचारायलाच हवं, कारण आधीच गळून गेलेल्या मुक्या जिवाला परत सुई टोचायची म्हणजे आपल्याच जिवावर येतं.

आपण गोचीड ताप म्हणतो, तो आणणारा एक परजीवी म्हणजे बबेसिया. गोचिडाच्या लाळेतून तो रक्तात जातो, लाल पेशीत घुसून वाढतो आणि पेशी फुटत जातात, म्हणून हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कधी लघवी कोऱ्या चहासारखी होते. बबेसियाची मोठी जात असेल तर पेशीत टोकाला टोक लावलेले दोन थेंब दिसतात, ओळखायला सोपी. पण गिब्सोनी ही छोटी जात, जी पॅटन नावाच्या संशोधकाने १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत नोंदवली, ती नुसती बारीकशी अंगठी. कुत्र्याची लाल पेशीच ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात ही ३ च्याही आत!

दोन वर्षांपूर्वी जुलैत रत्नागिरीच्या मिऱ्यावरच्या एका काकूंचा कुत्रा, मोती, आला होता. पायाच्या शिरेतलं रक्त घेतलं, दहा मिनिटं बघितलं आणि निगेटिव्ह लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी त्याला उभंही राहवेना. मग कानाच्या कडेला टोचून पहिलाच थेंब घेतला, कारण बारीक केशवाहिन्यांत बाधित पेशी जास्त अडकून राहतात, काचेवर पसरून जिएम्साचा रंग दिला, हजारपट मोठं करून त्या स्मिअरच्या, म्हणजे काचेवरच्या रक्ताच्या थराच्या, पातळ कडेला अर्धा तास बसले, तेव्हा गिब्सोनी सापडली. मोती वाचला, पण ते तीन दिवस माझ्यामुळे गेले हे मी विसरलेले नाही.

जात कळणं का महत्त्वाचं, तर मोठ्या जातीवर चालणारं डिमिनाझीनचं इंजेक्शन गिब्सोनीला पूर्ण घालवत नाही, तिथे औषधंच वेगळी लागतात. आणि इंजेक्शन देऊन मग रक्त तपासायला आणलंत तर आधीच थोडे असलेले परजीवी आणखी कमी होतात, म्हणून प्लीज आधी स्लाइड, मग सुई. पीसीआरमध्ये, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, थोडे असले तरी सापडतात, पण तिथेही अगदीच कमी असले तर निसटू शकतात.

पावसात आलात तर जरा थांबावं लागेल. आपल्या ओल्या हवेत स्मिअर नीट सुकला नाही, किंवा तो पक्का करायला वापरतो त्या मिथेनॉलने हवेतलं पाणी ओढलं, की पेशींत चकाकती भोकं पडतात आणि तीच परजीवी वाटतात, म्हणून काच खडखडीत सुकल्याशिवाय मी पुढे जात नाही.