चोचीतली सापसुरळी

जुलैचा दुसरा आठवडा. माणगाव तालुक्यातल्या आमच्या रस्त्याचं गटार मातीनं तुंबलेलं, पाणी थेट डांबरावरून वाहत होतं. जेसीबी लावला. गटाराबरोबर दरडीची सुटलेली मातीही ऑपरेटर ओढून घेत होता.

तेवढ्यात गुडघ्याच्या उंचीवरून काहीतरी बारीक शीळ घालत बाणासारखं गेलं आणि पलीकडे करवंदीच्या जाळीत बसलं. नारिंगी-जांभळं डोकं, पिवळं पोट, लालभडक चोच. तिबोटी खंड्या! चिमणीपेक्षा लहान जीव, चोचीत त्याच्याएवढीच सापसुरळी. ती गिळेना आणि जागाही सोडेना.

मी ओरडून काम थांबवलं. बकेटपासून हातभर अंतरावर, दरडीत लिंबू जाईल एवढं भोक होतं.

"साहेब, उंदराचं बीळ असंल," ऑपरेटर म्हणाला.

ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावला. त्यानं आधी एकच विचारलं, "सापसुरळीचं डोकं कुठल्या बाजूला होतं?"

"बाहेरच्या."

"मग आत पिल्लं आहेत. स्वतः खाणार असता तर डोकं घशाकडे धरलं असतं."

पुढचं त्याच्याकडूनच कळलं. हा पक्षी पावसाबरोबर जूनमध्ये कोकणात येतो. उभ्या मातीत मीटरभरापर्यंत लांब आडवं बीळ खणतो. चार-पाच अंडी, नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात, सतरा दिवस. नंतर साधारण वीस दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. त्यांना हवी तशी उभी, मऊ माती रस्त्यासाठी डोंगर कापून आम्हीच तयार करतो, आणि ऐन विणीत तिथं बकेट घालणारेही आम्हीच. इतकी वर्षं अशी किती भोकं मी उंदराची समजून जाऊ दिली असतील?

जेसीबी पुढच्या वळणाला पाठवला. पण पाणी तर काढायलाच हवं होतं. मग दोन गडी लावून तेवढं पंधरा फूट गटार फावड्यानं, रस्त्याच्या बाजूनं उपसलं. दुपार गेली, ठेकेदार चिडला. आम्ही लांब सरकल्यावर खंड्या बिळात शिरला आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आला. त्या क्षणी ऑपरेटरच आधी हसला.

ठिकाण कुठलं ते मी कुणाला सांगितलं नाही. फोटोवाल्यांनी बिळासमोर गर्दी केली, तर आईबाप आत जायला बिचकतात.

ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा बीळ रिकामं होतं, तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ. यंदा त्या टप्प्याचं गटार मी मे महिन्यातच उरकून घेतलं.