शिडाचे बिऱ्हाड कोठे थाटावे? बडोद्याहून केलेली किनाऱ्यांची पाहणी

माझे काम घरी बसून करण्याजोगे झाल्यावर, मुले शाळकरी आहेत तोवर काही वर्षे समुद्राकाठी राहावे आणि चौघांनीही विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर फिरण्याचा खेळ, करावे, असे आम्ही ठरवले. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांनी त्यावर काय म्हटले ते येथे सांगत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत सवड मिळेल तसे आम्ही बडोद्याहून निघून एकेक किनारा पाहून आलो. वारा सर्वांत जोराचा कोठे, हे शोधण्यासाठी ही पाहणी नव्हती. दहा वर्षांचे मूल पाण्यात पडले तर वारा त्याला काठाकडे आणील की समुद्राकडे नेईल, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला हवे होते, आणि ते नकाशावर बहुधा मिळत नाही.

बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ भरतीत बुडते आणि ओहोटीत उघडे पडते, हे आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेले असते. तेच दृश्य शीड लावणाऱ्याच्या नजरेने पाहिले की या आखाताचा विचार तिथेच संपतो. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, पाण्याचा ओढ प्रचंड असतो, आणि पाणी ओसरले की उरतो तो गुडघाभर चिखल. दक्षिणेला दांडी किंवा तिथल येथे चिखल कमी असला तरी ओहोटीला पाणी इतके लांब जाते की बोर्ड आणि शीड वाहून नेण्यातच मुलांचा उत्साह संपावा.

दीवला मात्र आम्ही मनापासून भाळलो होतो. नागवा किनारा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, वाळू स्वच्छ आहे, आणि पलीकडच्या घोघला किनाऱ्याला 2020 साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळाले आहे. पहिल्याच सकाळी मुलीने पाण्याच्या काठाशी एक बांबूची काठी रोवून तिला लाल रिबीन बांधली. न्याहारी होईपर्यंत ती रिबीन सरळ समुद्राकडे ताणलेली होती. हिवाळ्यात सौराष्ट्रावरून येणारा वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा असतो आणि नागव्याचे तोंड दक्षिणेला आहे. म्हणजे हा वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. असे पाणी काठाजवळ आरशासारखे सपाट दिसते आणि नवशिक्याला तेच सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात शंभर मीटर आत गेल्यावर वारा वाढतो, आणि शीड उचलता न आलेला माणूस बोर्डासकट दूर जाऊ लागतो. सोबत बचावाची मोटारबोट असेल तर ही जागा चालेल; केवळ आई-वडिलांच्या लक्षावर विसंबून चालणार नाही. दीव चार दिवसांच्या सहलीला उत्तम आहे, बिऱ्हाडाला नाही.

कच्छचे मांडवीही दक्षिणाभिमुख आहे, त्यामुळे हिवाळ्यातली अडचण तीच. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या पाहून वाऱ्याची खात्री पटते, पण उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की लाटा काठावर फुटतात आणि शिकणाऱ्याला त्या ओलांडताच येत नाहीत. तयार सर्फरला हे गाव आवडेल. आम्ही रुक्मावतीच्या काठी लाकडी जहाजे बांधताना पाहिली आणि परत फिरलो.

ओखामंडल एकेकाळी बडोदे संस्थानात होते, त्यामुळे द्वारकेकडे जाताना घरच्या मुलखात जात असल्याचा एक भाबडा आनंद आम्हांला होता. शिवराजपूरचा किनारा पश्चिमेकडे उघडा असून पाणी नितळ आहे. दुपारचा वायव्येचा वारा तिथे काठाला तिरका लागतो, म्हणजे माणूस भरकटला तरी जमिनीकडेच येतो. वाऱ्याच्या हिशेबाने गुजरातेत आम्हांला हीच जागा सर्वांत पटली. अडचण वाऱ्याची नव्हती. मुलांची शाळा, मोठे रुग्णालय आणि खेळ शिकवणारे माणूस या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी तिथे जमेनात.

कोकणात तारकर्ली-देवबागला कर्ली नदीचे शांत पाणी आणि पलीकडे समुद्र अशी दुहेरी सोय आहे, परंतु तिथला भर स्कूबा आणि पर्यटनावर आहे. शांत पाण्याचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवणारा ईबाद अली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, म्हणजे तलावावर, तयार झाला.

शेवटी आम्ही पणजीजवळचे करंझाळे निवडले. एका बाजूला आग्वाद आणि दुसऱ्या बाजूला काबोचे टोक असल्यामुळे चांगल्या हवेत येथे लाटा मवाळ असतात. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पडला की मध्ये काही वेळ पाणी स्तब्ध होते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. फेब्रुवारी ते मे या काळात तो अधिक भरवशाचा असतो. शिकणाऱ्याला आठ ते बारा नॉट, म्हणजे ताशी सुमारे पंधरा ते बावीस किलोमीटर वारा पुरतो. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स ही सरकारी संस्था करंझाळ्यातच आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय बांबोळीला, म्हणजे जवळच आहे, आणि भाजीवाल्यापासून शाळेच्या कार्यालयापर्यंत मराठीत निभावते. मिरामारच्या टोकाला मात्र ओहोटीच्या वेळी मांडवी नदीचे पाणी वेगाने बाहेर ओढते. मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नये.

मुलाने येथे पहिल्यांदा शीड उचलले तेव्हा एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. पाण्यात आडवे पडलेले शीड हिसक्याने ओढले की मूल मागच्या मागे पडते. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, शरीराचा भार मागे देत शिडावरचे पाणी निथळू दिले की तेच शीड हलके होऊन वर येते. लहान मुलांना दोन-अडीच चौरस मीटरचे शीड पुरते. मोठ्यांचे साडेचार-पाचाचे शीड त्यांच्या हाती देऊ नये.

जे याच वाटेने येणार असतील त्यांनी साहित्य बडोद्याहून आणण्याच्या फंदात पडू नये. डोलकाठीचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा सुमारे दोन मीटर लांब भरतो. ओखा-एर्नाकुलम गाडी बडोद्याहून थेट मडगावला येते. तिने माणसांनी यावे आणि पहिले वर्ष भाड्याच्या बोर्डावर काढावे. घर तळमजल्यावरचे घ्यावे, बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे की नाही ते पाहावे, कारण खारे पाणी धुतले नाही तर शिडाच्या चेनी आणि बूमचे, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांडीचे, जोड अडकू लागतात. काठावर सावली कोठे आहे हेही पाहून ठेवावे. आमच्या सासूबाई शीड धरत नाहीत, पण दुपारभर तिथे बसतात आणि मुले मोजतात.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा) मुंबईच्या आसपास बरी लागू पडते, पण गोव्यात भरती त्याआधी येते. येथे मुरगाव बंदराचा छापील तक्ताच वापरावा. जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजावा. त्यामुळे घराचा करार शक्यतो ऑक्टोबरपासूनचा करावा आणि घरमालकाला बोर्ड ठेवण्याची जागा लेखी मागावी, कारण तीन मीटरची वस्तू जिन्यात ठेवण्यावरून सोसायटीशी पहिला वाद होतो.